गरम जागेवरचं हार्ड क्रोम पुन्हापुन्हा का जातं? दोष शोधायचा कुठे?

जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या भट्टीसमोरचा, माल ढकलणारा पुशर रॉड असो, जळगावकडच्या पीव्हीसी पाइप कारखान्यातला एक्स्ट्रूडर स्क्रू (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारा) असो, नाहीतर कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीतला सिलिंडर असो, त्यावर विजेने चढवलेल्या क्रोमियमच्या कडक थराबद्दलची, म्हणजे हार्ड क्रोमबद्दलची, तक्रार एकाच साच्यातली येते. "क्रोम उडालं. मागच्या खेपेलाही उडालं होतं. या वेळी थर जाड द्या." प्लेटिंगवाला थर वाढवून देतो, चलन फाटतं, आणि काही महिन्यांनी तोच जॉब परत दारात येतो.

थर वाढवणं हा या दुखण्यावरचा सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे, आणि गरम जागेसाठी बहुतेक वेळा तोच उलटा पडतो. तो का, ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: क्रोम चढवलेल्या जॉबला उष्णता एकाच ठिकाणी भेटत नाही. प्लेटिंगच्या टाकीत भेटते, प्लेटिंगनंतर जॉब तापवतात त्या बेकिंगच्या ओव्हनमध्ये भेटते, मापात आणणाऱ्या ग्राइंडिंग व्हीलखाली भेटते, वेल्डिंग झालं तर तिथे भेटते आणि शेवटी कामावर भेटते. तक्रार मात्र नेहमी कामावर असतानाच होते, म्हणून सगळा आळ एकतर मशीनच्या उष्णतेवर येतो नाहीतर प्लेटिंगवाल्यावर. प्रत्येक ठिकाणच्या उष्णतेची खूण वेगळी असते. ती खूण जॉब स्ट्रिप करायच्या, म्हणजे जुनं क्रोम काढायच्या, आधी वाचली नाही, तर पुरावाच टाकीत विरघळून जातो.

१९०० डिग्रीचा युक्तिवाद

"क्रोमियम १९०० डिग्रीच्या आसपास वितळतं, मग ४०० डिग्रीला त्याचं काय बिघडतंय?" हा प्रश्न खरेदी विभागाकडून हमखास येतो. आकडा बरोबर आहे, पण तो शुद्ध क्रोमियम धातूचा आहे. टाकीतून निघालेला थर तसा नसतो. क्रोमिक ॲसिडच्या नेहमीच्या बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात) करंटचा साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, प्रत्यक्ष क्रोम बसवण्याच्या कामी येतो. बाकीचा बराचसा हायड्रोजन सोडण्यात जातो. त्यातला काही हायड्रोजन थरात अडकून राहतो. कण अतिशय बारीक असतात आणि थर आतून ताणलेला असतो. ९०० ते १००० विकर्सचा (विकर्स हे कडकपणाचं माप) हार्डनेस या बारीक, ताणलेल्या, अशुद्ध रचनेमुळेच मिळतो. तापवलं की नेमकी हीच रचना सैल होत जाते.

साधारण २०० डिग्रीपर्यंत हार्डनेसमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. डिझेल इंजिनच्या क्रोम केलेल्या पिस्टन रिंगा याच पट्ट्यात वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत. ३०० च्या पुढे उतार सुरू होतो. ४०० ला ढोबळमानाने पाव हिस्सा हार्डनेस गेलेला असतो, ६०० ला निम्मा, आणि ८०० च्या पुढे गेलात तर हार्ड क्रोममधलं 'हार्ड' फक्त बिलावर उरतं. किती वेळ तापलं यावरही हे अवलंबून आहे. दहा मिनिटं आणि दहा तास यांचा परिणाम सारखा नसतो. आणि गेलेला हार्डनेस थंड झाल्यावर परत येत नाही. इलेक्ट्रोलेस निकेलचं (विजेशिवाय, रसायनाने बसवलेल्या निकेलच्या थराचं) याच्या बरोबर उलट आहे: ४०० डिग्रीला तासभर ठेवलं की ते आणखी कडक होतं. दोन्ही थर एकाच शॉपमध्ये होत असल्याने काही जण निकेलचा अनुभव क्रोमला लावतात आणि "तापवून घ्या, अजून कडक होईल" असा सल्ला देतात. क्रोमला हा सल्ला चालत नाही.

दुसरा भाग प्रसरणाचा. स्टील दर डिग्रीला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, क्रोम जेमतेम ६ ते ७. एक मीटरचा रॉड सगळीकडून ३०० डिग्रीने तापला, तर स्टील साडेतीन मिलिमीटर वाढेल आणि क्रोमला जेमतेम दोन मिलिमीटर वाढायचं असतं. उरलेल्या दीड मिलिमीटरसाठी ठिसूळ थर ओढला जातो. मुळात तो टाकीतून निघतानाच ताणलेला असतो. त्यात तापल्यावर अडकलेला हायड्रोजन निघून जातो आणि थर आणखी आक्रसतो. म्हणून हार्ड क्रोममध्ये पहिल्यापासून असलेले, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे रुंद होतात, एकमेकांना जोडले जातात आणि थेट स्टीलपर्यंत पोचतात. अल्युमिनियमवर क्रोम असेल तर ही ओढाताण दुपटीहून जास्त, कारण अल्युमिनियमचं प्रसरण २३ च्या घरात आहे.

जाड थरात हा ताण साठत जातो. पातळ थरातले तडे बारीक आणि विखुरलेले असतात, जाड थरात ते थोडे पण खोल होतात. शिवाय जाड थर चढवला की मापात आणायला ग्राइंडिंगही जास्त करावं लागतं. म्हणजे एका उष्णतेपासून वाचायला आपण दुसरी विकत घेतो.

जॉब टेबलावर ठेवा आणि आधी नुसतं बघा

क्रोम कुठून सुटलंय, हा पहिला प्रश्न. स्टीलपासून, की क्रोमचा क्रोमपासून? पापुद्रा निघालेल्या जागी खाली चकचकीत पांढरं दिसत असेल तर संशय घ्या. मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब त्या स्वच्छ केलेल्या जागेवर टाका. उघडं स्टील असेल तर लगेच तांबूस डाग धरतो. खाली क्रोमच असेल तर काही होत नाही. खाली क्रोम निघालं, तर थर दोन टप्प्यांत बसलाय. म्हणजे प्लेटिंग चालू असताना करंट तुटला होता. वीज गेली, टाकीला करंट देणारा रेक्टिफायर ट्रिप झाला, जॉबचा काँटॅक्ट सैल झाला, काहीही. क्रोमवर क्षणात निष्क्रिय थर येतो आणि त्यावर पुन्हा चालू केलेलं क्रोम नीट धरत नाही. थंड जागेवर असा जॉब वर्षभर चालेलही, गरम जागेवर प्रसरणाने उघडा पडतो. इथे उष्णतेने दोष फक्त दाखवून दिला, केला नाही.

मग तड्यांची आणि डागांची नक्षी बघा. ग्राइंडिंगच्या उष्णतेचे तडे जाळीसारखे असतात, आणि जळल्याच्या खुणा रॉडभोवती स्क्रूच्या आट्यांसारख्या फिरत जातात, कारण व्हील तसंच सरकत गेलेलं असतं. भट्टीच्या झळीने खराब झालेला रॉड एकाच बाजूने खराब होतो, कारण सिलिंडरचा रॉड सहसा फिरत नाही, तीच बाजू कायम भट्टीकडे असते. बुश (रॉडला सरळ धरणारी नळी) वाकडा बसल्यामुळे घर्षणाने तापलेला रॉड लांबीच्या दिशेने ओरखडे दाखवतो, तेही एकाच पट्ट्यात. टोकाजवळ अंगठीसारखा रंगीत पट्टा दिसला तर तिथे वेल्डिंग झालंय. सगळीकडे विखुरलेले फोड आले असतील तर प्लेटिंगपूर्व सफाई किंवा ॲक्टिव्हेशनमध्ये (थर धरावा म्हणून पृष्ठभाग तयार करण्यात) खोट होती आणि ओव्हनने ती वर आणली.

रंगावर मात्र फार विसंबू नका. उघडं स्टील २२० च्या आसपास पिवळसर आणि ३०० च्या सुमाराला निळं होतं, हे सगळ्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना पाठ असतं. क्रोमवरचा ऑक्साइड हळू वाढतो, त्यामुळे त्याच तापमानाला क्रोम अजून पांढरंच असू शकतं. क्रोमवर रंग दिसत असेल तर तापमान बरंच वर गेलं होतं एवढंच म्हणता येतं. (बुलेटच्या सायलेन्सरचा निळा पडलेला बेंड मध्ये आणू नका. ते निकेलवरचं मायक्रॉनभरही नसलेलं शोभेचं क्रोम आहे, त्याचे हिशेब वेगळे.)

हार्डनेस तपासायचा असेल तर रॉकवेल मशीनवर टाकू नका. ३० मायक्रॉनच्या थरावर रॉकवेलचा हिरा दाबला की तो थर फोडून खालच्या स्टीलचाच आकडा सांगतो. १०० ग्रॅम वजनाची सूक्ष्म विकर्स टेस्ट, शक्यतो कापलेल्या तुकड्यावर. ९०० च्या जागी ६५० येत असेल तर थर नक्की तापलाय. ९०० च येत असेल आणि तरीही जाळीदार तडे असतील, तर उष्णता क्षणभराची होती. बोट ग्राइंडिंगकडे जातं.

ग्राइंडिंग: सगळ्यात जास्त जॉब इथेच जळतात

माझं मत विचाराल तर "कामावर तापून गेलं" अशा शेऱ्याने आलेल्या जॉबपैकी बऱ्याच जॉबचं नुकसान ते मशीनवर चढण्याआधीच झालेलं असतं. व्हील आणि क्रोम जिथे भिडतात त्या रेषेवर क्षणभर कित्येक शे डिग्री तापमान उठतं. क्रोम पातळ, मागे थंड स्टील. वरचा पापुद्रा फुगायला बघतो, दबतो, आणि पुढच्याच क्षणी कुलंटने (गार ठेवणाऱ्या पाण्याने) गार होऊन ताणला जातो. तडा तिथेच पडतो. जॉब चकाचक दिसतो, मायक्रोमीटर बरोबर माप दाखवतो, इन्स्पेक्शनचा शिक्का बसतो. मग कामावर नुसतं दीड-दोनशे डिग्री तापलं तरी तेच तडे उघडतात.

व्हील मऊ ग्रेडचं, पांढऱ्या अल्युमिनियम ऑक्साइडचं, ६० ते ८० ग्रिटच्या आसपास हवं. कडक व्हील चकाकतं, कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. ड्रेसिंग, म्हणजे व्हीलचा पृष्ठभाग पुन्हा धारदार करणं, वेळच्या वेळी. एका पासला कट ५ ते १० मायक्रॉन, शेवटी त्याहून कमी. कुलंट भरपूर आणि व्हील जिथे भिडतं नेमकं तिथे. नळी वाकडी होऊन पाणी दोन इंच बाजूला पडत असेल तर ती पाण्याची धार नसल्यापेक्षा वाईट: तापलेल्या पट्ट्यावर उशिरा पडते आणि झटका देते. रात्रपाळीत जॉब लवकर काढायचे म्हणून कट वाढवला जातो, आणि याचा पुरावा कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. म्हणून जॉब परत आला की ग्राइंडिंगच्या तारखा आणि पाळ्या बघून घ्याव्यात.

कडक केलेल्या स्टीलवर आणखी एक गोष्ट होते. क्रोम शाबूत राहतं आणि खालचं स्टील जळतं, म्हणजे तिथला हार्डनेस उतरतो किंवा पृष्ठभाग पुन्हा कडक होऊन ठिसूळ बनतो. वरून काही दिसत नाही. विमानाच्या लँडिंग गिअरच्या कामात या गोष्टीची धास्ती इतकी आहे की क्रोमच्या ग्राइंडिंगसाठी वेगळं मानक आहे आणि थराखालचं जळणं शोधायला बार्कहाउझेन नॉइजची चुंबकीय तपासणी वापरतात. आपल्या सिलिंडर रॉडला तेवढं कोणी करणार नाही. पण ज्या रॉडवर वाकण्याचा भार उलटसुलट येतो आणि तो क्रोमच्या जागी मोडतो, तिथे ही शक्यता आधी तपासावी. जॉब करंट उलटा देऊन कॉस्टिकमध्ये स्ट्रिप करावा आणि उघड्या स्टीलला नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक ॲसिडने) एच करून, म्हणजे हलकं खाऊ देऊन, बघावं. मऊ पडलेले पट्टे गडद आणि पुन्हा कडक झालेले पांढरट उठून दिसतात.

भट्टीसमोरचा रॉड

इथे पहिला घोळ तापमान मोजण्यातच होतो. इन्फ्रारेड गन चकचकीत क्रोमवर रोखली की ती खोटं बोलते. चकचकीत क्रोम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, आणि समोर भट्टीचं तोंड असेल तर तिचंच प्रतिबिंब वाचलं जातं. आकडा कधी खूप कमी, कधी खूप जास्त. रॉडच्या न घासणाऱ्या टोकावर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा पट्टा मारून, भट्टीची झळ आडवून त्यावर मोजा. त्याहून सोपं म्हणजे काँटॅक्ट प्रोब किंवा ठराविक तापमानाला वितळणारा टेम्परेचर क्रेयॉन.

सिलिंडरचं तेल अडवणारा सीलही साक्ष देतो. नायट्राइल आणि पॉलियुरेथेनचे सील १०० डिग्रीच्या आसपासच दम तोडतात, व्हायटन २०० पर्यंत तग धरतो. सील मऊ, शाबूत आणि क्रोमवर तडे, असं असेल तर ग्लँडपाशी (सिलिंडरच्या तोंडाशी, सील बसतो तिथे) रॉड फारसा तापलेला नाही. मग बाहेर आलेल्या लांबीवरच झळ बसत असेल, नाहीतर मामला ग्राइंडिंगचा आहे. सील जळून कडक झालेला असेल तर क्रोमची चर्चा नंतर. आधी तेल, कूलर आणि झळ.

तापलेल्या रॉडवर पाण्याचा पाइप मारण्याची सवय मिलमध्ये सर्रास दिसते. हेतू चांगला असतो, पण क्रोमसाठी तो प्रत्येक वेळी एक झटका असतो. त्यापेक्षा मध्ये पत्र्याची ढाल घाला. दोन पत्रे, मध्ये हवेची फट, असं केलं तर आणखी बरं. रॉड कामाव्यतिरिक्त बाहेर थांबू नये असा सायकल लावा. जागा असेल तर सिलिंडर मागे सरकवून मध्ये साधा, क्रोम नसलेला लांब दांडा टाका, म्हणजे भट्टीच्या तोंडाशी जाणारा भाग दांड्याचा असेल. यातलं काहीच प्लेटिंग शॉपमध्ये होत नाही, म्हणून तक्रारीच्या ईमेलमध्ये ते कधी येत नाही.

खालच्या स्टीलकडेही बघा. इंडक्शन हार्डन केलेला (विजेने पृष्ठभाग तापवून कडक केलेला) रॉड १८०–२०० डिग्रीला टेम्पर केलेला (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेला) असेल आणि कामावर तो ३०० ला जात असेल, तर क्रोमपेक्षा आधी स्टील मऊ होतं. मग वरचा कडक थर भुसभुशीत जमिनीवर बसवलेल्या फरशीसारखा, भार आला की तडकतो. अशा वेळी क्रोम कितीही वेळा बदललं तरी निकाल तोच लागणार.

पीव्हीसीचा स्क्रू

इथे उष्णता क्रोमला थेट मारत नाही. पीव्हीसी १७० ते २०० डिग्रीला चालतं, तेवढं क्रोमला काहीच नाही. पण बॅरलमध्ये माल थांबून राहिला, एखादा हीटर अडकून चालूच राहिला किंवा स्क्रूच्या घर्षणाने तापमान वर गेलं, की पीव्हीसी कुजतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सोडतं. प्लेटिंग शॉपमध्ये जुनं क्रोम काढायला हेच ॲसिड वापरतात. तुमचा बॅरलच स्ट्रिपिंगची टाकी झालेला असतो. खूण अशी: पापुद्रे नसतात, थर मॅट होऊन विरत जातो, तड्यांखाली स्टीलला खड्डे पडतात आणि नुकसान एका झोनपुरतं दाट असतं. त्या झोनचा थर्मोकपल (तापमान मोजणारा) आणि काँटॅक्टर (हीटर चालू-बंद करणारा) तपासा, मशीन बंद करताना माल पूर्ण काढून टाकायची शिस्त लावा. तड्यांतून ॲसिड स्टीलपर्यंत जातं म्हणून क्रोमखाली निकेलचा थर घेणं इथे कामाला येतं.

वेल्डिंग, ओव्हन, टाकी

वेल्डिंगबद्दल एकच: रॉडच्या टोकाची आय (जोडणीची कडी) आधी वेल्ड करा, क्रोम नंतर. दुरुस्तीत ते शक्य नसेल तर वेल्डच्या आसपासचं क्रोम आधी काढा. क्रोमवरून वेल्ड केलं की सांध्यात भेग पडण्याचा धोका वाढतो, आणि निघणाऱ्या धुरात सहा संयुजेचं क्रोमियम असू शकतं. त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध आहे. गॅरेजच्या बंद शेडमध्ये तर अजिबात नको.

बेकिंग मात्र टाळायचं नाही. कडक स्टीलमध्ये शिरलेला हायड्रोजन काढायला १९० ते २२० डिग्रीला, प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत जॉब ओव्हनमध्ये जायला हवा, आणि स्टीलच्या ताकदीनुसार ८ तासांपासून २२ तासांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ. या तापमानाने क्रोमचा हार्डनेस जात नाही. गोंधळ होतो तो कार्बुराइज्ड (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेल्या) जॉबवर, ज्यांचं टेम्परिंगच १५०–१८० ला झालेलं असतं. तिथे तापमान टेम्परिंगच्या खाली ठेवून वेळ वाढवतात. हे टेम्परिंगचं तापमान ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल तर प्लेटिंगवाल्याला ते कळणार कसं?

टाकीतली उष्णता शेवटी घेतोय, पण उन्हाळ्यात ती पहिली बघा. बाथ ५० ते ६० च्या मधल्या एका ठरलेल्या तापमानावर, एक-दोन डिग्रीच्या आत राहायला हवा. ५००० अँपिअर आणि ६ व्होल्टवर चालणारी टाकी म्हणजे ३० किलोवॉटचा हीटरच. बाहेर ४३ डिग्री असताना कूलिंग कमी पडलं की बाथ चढतो, आणि तोच करंट ठेवला तर थर दुधाळ आणि मऊ बसतो. उलट थंडीत मोठा रोल गार असतानाच करंट दिला, तर पृष्ठभागालगत तापमान कमी राहून करड्या रंगाचा ठिसूळ थर बसतो. गेज ५५ दाखवत असला तरी. जड जॉब बाथच्या तापमानाला येईपर्यंत बुडवून ठेवायचा, मगच करंट.

क्रोम बदलायचं कधी

पृष्ठभाग सतत २५०–३०० च्या खाली राहणार असेल तर क्रोम ठेवा आणि वरची कारणं निस्तरा. सतत ४०० च्या पुढे काम असेल तर हट्ट सोडा. एचव्हीओएफ (अतिवेगवान ज्वाळेच्या) फवारणीने बसवलेलं टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट साधारण ५०० पर्यंत, क्रोमियम कार्बाइड-निकेल क्रोम त्याहून बरंच पुढे, ८०० च्या वर चालतं. महाग पडतं, त्यालाही हिऱ्याच्या व्हीलने ग्राइंडिंग लागतं आणि आतल्या अरुंद बोअरमध्ये फवारणीची बंदूक जात नाही. "पण तोफेच्या नळीतही क्रोम असतं" असं कोणी म्हटलं तर खरंच आहे. तिथला वायू काही हजार डिग्रीचा असतो, पण काही मिलिसेकंदांपुरता. आणि तिथेही झीज सुरू होते ती तड्यांतून वायू स्टीलपर्यंत पोचल्यावरच.

पुन्हा क्रोम करायचंच ठरलं तर तापलेल्या जुन्या थरावर नवा चढवू नका. पूर्ण स्ट्रिप करा, आणि कडक स्टील असेल तर हायड्रोक्लोरिकमध्ये नाही, कॉस्टिकमध्ये. उघड्या स्टीलचा हार्डनेस घ्या, डाय पेनिट्रंटने (तड्यांत शिरणाऱ्या रंगाने) तडे बघा. स्टीललाच तडे असतील तर ते ग्राइंड करून पूर्ण काढा, मग ताण घालवायला बेक करा, मग प्लेटिंग. वर्कऑर्डरवर चार गोष्टी लिहून द्या: स्टीलचा ग्रेड, टेम्परिंगचं तापमान, कामावरचं मोजलेलं तापमान आणि ग्राइंडिंगनंतरचा थर किती मायक्रॉन हवा. ग्राइंडिंग तुमच्याकडे होणार असेल तर तेही लिहा, म्हणजे प्लेटिंगवाला उगाच शंभर मायक्रॉन जास्त चढवून देणार नाही.